गाडी धुरजड की उलाळ? पिकअप घेण्याआधी दाराच्या चौकटीत डोकवा

भाच्याचा डॅलसहून फोन आला तेव्हा तो शोरूमच्या पार्किंगमध्येच उभा होता. "मामा, ट्रक ठरला! तेरा हजार पौंड ओढतो म्हणे. आम्हाला हवाय तो कॅम्पर सात हजारांचा. म्हणजे निम्म्या ताकदीत काम झालं."

"ड्रायव्हरचं दार उघडून आतला स्टिकर वाचलास का?"

"कुठला स्टिकर?"

त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो, कारण हा घोळ त्याच्या एकट्याचा नाही. अमेरिकेत आलेली आपली मंडळी पहिली दहा वर्षं इमानेइतबारे कॅमरी नाहीतर अकॉर्ड चालवतात. मग मुलं जरा मोठी होतात, कोणीतरी यलोस्टोनमधल्या कॅम्परचा फोटो ग्रुपवर टाकतं आणि घरात पिकअपची भाषा सुरू होते. पुण्यामुंबईच्या वाचकाला टोइंग म्हटलं की नो-पार्किंगमधून उचलून नेलेली दुचाकी आठवेल. इथे टोइंग म्हणजे ट्रकच्या मागे बोट, घोड्याचा ट्रेलर किंवा चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर, जोडून हायवेला लागणं. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून या देशातली सर्वाधिक खपाची ट्रक-मालिका आहे, यावरून या वेडाचा अंदाज यावा.

आता जरा वाळवा तालुक्यात चला. लहानपणी आमच्या शेतावर बैलगाडी भरताना आजोबांच्या तोंडी दोन शब्द सारखे असायचे. माल पुढच्या बाजूला जास्त पडला की जू बैलांच्या मानेवर दाबायचं. गाडी 'धुरजड' झाली. माल मागे गेला की जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याखालचे पट्टे काचायचे आणि चढाला गाडी मागच्या मागे बसायची भीती. ती 'उलाळ'. आजोबांना गाडी किंचित धुरजड लागायची. बैलांच्या मानेवर थोडं ओझं असलंच पाहिजे, नाहीतर गाडी त्यांच्या ताब्यात राहत नाही, असं ते म्हणत.

कॅम्पर ट्रेलर म्हणजे हीच बैलगाडी. आस साधारण मधोमध, चाकं एका जोडीऐवजी दोन जोड्या, आणि पुढची लोखंडी दांडी ट्रकच्या मागच्या गोळ्यावर टेकलेली. त्या गोळ्यावर जेवढं वजन दाबतं त्याला इथे टंग वेट म्हणतात. माझ्या हिशेबी ते धुरेवरचं वजन. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं असा दंडक आहे. त्याहून कमी म्हणजे गाडी उलाळ. बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतात आणि माणसं पोती पुढे सरकवतात. ताशी शंभर किलोमीटरने चाललेला ट्रेलर उलाळ असेल तर तो मागे झुलायला लागतो, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोक्यागणिक जास्त. शेवटी शेपूट कुत्र्याला हलवतं. इंटरस्टेटच्या कडेला आडवे पडलेले कॅम्पर दिसतात त्यातल्या बऱ्याच जणांची हीच कथा असते.

मग म्हणाल, धुरेवर भरपूर वजन टाकू. इथेच तो स्टिकर आडवा येतो.

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा छोटा कागद चिकटवलेला असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा पेलोड. तो कारखान्यात त्या विशिष्ट ट्रकसाठी काढलेला आकडा असतो. शेजारच्या तशाच दिसणाऱ्या ट्रकचा वेगळा असू शकतो. आणि ट्रेलरच्या धुरेवरचं वजन याच पेलोडमधून वजा होतं. लोकांना हे ठाऊक नसतं. सेल्समन सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही.

भाच्याचाच हिशेब मांडू. दार उघडून त्याने वाचला तो आकडा होता १,५५० पौंड, म्हणजे ७०३ किलो. सात हजार पौंडांचा भरलेला कॅम्पर म्हणजे ३,१७५ किलो. त्याचे १३ टक्के धरले तर धुरेवर ४१३ किलो. वजन पुढच्या चाकांकडे वाटून देणारा जो जाडजूड हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांगाडा, लागतो तो साधारण ४० किलो. भाचा, सूनबाई आणि दोन पोरं मिळून २१५ किलो. मागच्या हौद्यात जनरेटर, कूलबॉक्स, सायकली, लाकडं, पोरांचं सटरफटर मिळून १२० किलो. बेरीज ७८८. स्टिकर म्हणतो ७०३. कॅम्पर जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तरी ट्रक ८५ किलोंनी ओव्हरलोड. अजून आईला अमेरिका दाखवायला आणायचीच आहे.

बरं, "सात हजारांचा कॅम्पर" हेही नीट तपासावं लागतं. विक्रेता सांगतो ते कोरडं वजन. त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या नाहीत, भांडीकुंडी नाहीत, दहा किलोची आट्याची पिशवी तर नाहीच. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की १५० किलो तिथेच वाढले. ट्रेलरच्या प्लेटवर जास्तीत जास्त भरलेलं वजन दिलेलं असतं. हिशेब त्यावरून करावा.

मग तो तेरा हजारांचा आकडा खोटा का? खोटा नाही. पूर्वी मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवायची आणि शेजाऱ्याच्या वर पाचशे पौंड लावून मोकळी व्हायची. मग एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ नावाची एकच परीक्षा ठरवली. टोयोटाने २०११ च्या टुंड्राला ती सर्वांत आधी लावली आणि स्वतःचा जाहिरातीतला आकडा खाली आणला. बाकीच्या मोठ्या कंपन्या हाफ-टन ट्रकांच्या बाबतीत २०१५ च्या मॉडेलांच्या सुमारास या वाटेला आल्या. या परीक्षेतला सगळ्यात गाजलेला पेपर ॲरिझोनात आहे. डेव्हिस डॅमपासून हायवे ६८ ने वर चढणारा सुमारे १८ किलोमीटरचा घाट. बाहेर ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊन, आत एसी पूर्ण सोडलेला, मागे कमाल वजनाचा ट्रेलर, आणि साध्या चार चाकी ट्रकचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. त्याखेरीज १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघणं, तेही पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दिशांना पाच-पाच वेळा. सपाटीवर ३० सेकंदांत शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर गाठणं. ब्रेकची आणि वळणाची चाचणी.

परीक्षा कडक आहे, वाद नाही. पण त्या ट्रकमध्ये माणसं किती बसलेली असतात? दोन, प्रत्येकी ६८ किलोंची. पोरं नाहीत, सायकली नाहीत, आई नाही. शिवाय कमाल आकडा मिळतो तो एका विशिष्ट जोडणीला: अमुक इंजिन, अमुक कॅब, टोइंगचं पॅकेज आणि मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरचं, अमुक गुणोत्तर. ३.२१ ऐवजी ३.९२ असलं की तोच ट्रक पुष्कळ जास्त ओढतो, जसं सायकलचा हलका गिअर टाकून चढ चढतो तसं. बदल्यात मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल जास्त पितो.

हे सगळं मनाशी धरून आता चार मुख्य गाड्यांकडे बघू. सगळ्या 'हाफ-टन' वर्गातल्या. ते नाव जुन्या काळचं, आज त्याचा वजनाशी संबंध उरलेला नाही. फोर्ड एफ-१५० ची कमाल १३,५०० पौंड, म्हणजे ६,१०० किलोंच्या वर, ३.५ लिटरच्या दोन टर्बोंच्या व्ही-सिक्स इंजिनाला. शेव्हरोले सिल्व्हरॅडो १३,३०० पर्यंत जाते. तिचं तीन लिटरचं डिझेल इंजिन लांबच्या टोइंगला मला व्यक्तिशः सर्वांत आवडतं, घाट उतरताना ते गाडीला मागून धरून ठेवतं. जीएमसी सिएरा ही तिचीच सजवलेली बहीण. टोयोटा टुंड्रा १२,००० वर थांबते. रॅम १५०० अलीकडे ११,६०० च्या आसपास आहे. आकड्यात ती मागे, पण रिकामी चालवायला चौघींत सर्वांत मऊ, कारण २००९ पासून तिच्या मागच्या आसाला लोखंडी पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. २०२२ च्या टुंड्रानेही पाटे सोडले. फोर्ड आणि शेव्हरोले अजून पाट्यांवरच आहेत. रोज ऑफिसला न्यायची आणि वर्षातून चार वेळा ट्रेलर जोडायचा असेल तर मऊपणाला किंमत द्यावी. दर शनिवारी बोट ओढायची असेल तर पाटे बरे. १३,५०० आणि १३,३०० मध्ये मात्र डोकं घालू नये. सहकुटुंब जाणारा माणूस त्या आकड्याच्या जवळपासही पोचत नाही. त्याआधीच स्टिकर संपलेला असतो.

आणि एक गंमत. ज्या चालकसाहाय्य तंत्रज्ञानासाठी लोक वरचं मॉडेल घेतात, ते वरचं मॉडेलच जड असतं. काचेचं छत, मोठी कॅब, चामड्याच्या थंड-गरम होणाऱ्या सीट, वीस-बावीस इंची चाकं. ट्रकचं एकूण कमाल वजन ठरलेलं. स्वतःचं वजन वाढलं की पेलोड तेवढा घटतो. म्हणजे ट्रेलर ओढायला सर्वांत जास्त मदत करणारा ट्रक पुष्कळदा धुरेवर सर्वांत कमी वजन सोसतो. साधी सीट, रबराची चटई असलेला कामकऱ्याचा ट्रक या बाबतीत राजा.

तरी तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. काही गोष्टी खरोखर सोन्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे मागे घेणं. ट्रेलर उलटा चालतो: मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. जुनी युक्ती अशी की हात चाकाच्या तळाशी धरायचा. मग हात ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला ट्रेलर. ऊस ओढणारे आपले ट्रॅक्टरवाले दोन ट्रॉल्या घेऊन धडाडत जातात, पण रिव्हर्सची वेळ आली की शहाणा ड्रायव्हर आधी एक ट्रॉली सोडतो. फोर्डने २०१६ च्या एफ-१५० मध्ये यावर एक गोल बटण दिलं. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे बटण फिरवा, स्टिअरिंग ट्रक स्वतः सांभाळतो. कॅमेरा ट्रेलरच्या दांडीवर चिकटवलेल्या चौकटींच्या स्टिकरवरून कोन मोजत राहतो. रॅमकडेही आता तसं बटण आहे. टुंड्रा सरळ रेषेत मागे जायला मदत करते. कॅम्पग्राउंडमध्ये संध्याकाळी सात वाजता चार कुटुंबं खुर्च्या टाकून तुमची फजिती बघत बसलेली असतात, तेव्हा या बटणाची किंमत कळते. नवरा-बायकोतली निम्मी भांडणं तरी त्याने वाचतात. गोळा बरोबर दांडीखाली नेऊन ट्रक स्वतः उभा करणारी सोयही फोर्डने अलीकडे आणली आहे.

दुसरी, कॅमेरे. जीएमसीच्या गाड्यांत ट्रेलरच्या मागे जोडलेल्या कॅमेऱ्याचं चित्र असं मिसळतात की पडद्यावर ट्रेलर पारदर्शक झाल्यासारखा दिसतो. आरशातल्या आंधळ्या कोपऱ्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणाही आता ट्रेलरची लांबी लक्षात घेते. लेन बदलताना मागे आठ-नऊ मीटरचं घर आहे हे माणूस विसरतो; दिवा विसरत नाही.

तिसरी माझी लाडकी, आणि तिची जाहिरात सर्वांत कमी होते. एफ-१५० मध्ये ट्रकच्या अंगातच वजनकाटा घेता येतो. हौद्यात किती भरलं आणि धुरेवर किती दाबतंय ते पडद्यावर दिसतं. भरत जाल तसे मागचे दिवे मोबाइलच्या बॅटरीसारखे खालून वर चढत जातात. गाडी धुरजड की उलाळ हे आजोबा जू उचलून बघायचे. यांनी त्याचा सेन्सर केला.

झुलणारा ट्रेलर आवरणारी यंत्रणाही आज सर्रास मिळते. ट्रक आडवातिडवा हलतोय हे ओळखून ती निवडक चाकांना ब्रेक लावते आणि इंजिनाची ताकद कमी करते. पण ती गडबड सुरू झाल्यावरचा उपाय आहे. चुकीचा भरलेला ट्रेलर ती नीट भरून देत नाही. आणि तिच्या भरवशावर वेग वाढवणाऱ्यांना मी ओळखतो. ट्रेलर झुललाच तर पायाखालचा ब्रेक करकचून दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका हाताने हळू दाबा, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. हा खटका ट्रक घेतानाच कारखान्यातून बसवून घ्यावा.

आता हात सोडून चालवण्याकडे येऊ. जनरल मोटर्सची सुपर क्रूझ २०१७ मध्ये कॅडिलॅक सीटी-६ या गाडीत आली. लेझरने आधी मोजून ठेवलेल्या हायवेवरच ती चालते. स्टिअरिंगच्या खांबावरचा छोटा कॅमेरा तुमचे डोळे बघत असतो. रस्त्यावरून नजर हटली की चाकावरची दिव्याची पट्टी आधी लुकलुकते, मग लाल होते. २०२२ च्या सिएरा डेनाली अल्टिमेटपासून ही सोय ट्रेलर जोडलेला असतानाही मिळू लागली. मागे ट्रेलर असला की गाडी आपण होऊन लेन मात्र बदलत नाही, आणि ते योग्यच आहे. फोर्डच्या अशाच सोयीचं नाव ब्लूक्रूझ.

या दोन्ही 'लेव्हल टू' आहेत. म्हणजे स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर, ब्रेक गाडी सांभाळेल, पण गाडी चालवतोय तो तुम्हीच, कायद्याने आणि प्रत्यक्षातही. २०२४ मध्ये आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने अशा १४ यंत्रणा तपासल्या. ड्रायव्हरचं लक्ष टिकवून ठेवण्यात त्या किती चोख आहेत हा प्रश्न होता. अकरा यंत्रणांना सर्वांत खालचा शेरा मिळाला, त्यात ब्लूक्रूझही होती. सिएरातली सुपर क्रूझ एक पायरी वर. आणि बरी म्हणता येईल अशी लेक्ससची एकच. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत ब्लूक्रूझवर चाललेली एक फोर्ड मस्टँग माक-ई रात्री हायवेवर थांबलेल्या गाडीवर जाऊन आदळली, माणूस दगावला आणि केंद्रीय यंत्रणांनी चौकशी लावली. थांबलेली वस्तू ही या सगळ्या यंत्रणांची जुनी दुखरी नस. रडारला पुलाची कमान, पाटी, गटाराचं झाकण असं स्थिर काहीबाही सतत दिसत असतं. प्रत्येकाला ब्रेक मारला तर गाडी पुढे जाणारच नाही, म्हणून स्थिर खुणांकडे काणाडोळा करायला ती शिकवलेली असते. मोकळ्या गाडीचं हे. मागे तीन टन असले की थांबायला लागणारं अंतर वाढतं, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे लांबच्या सरळ रस्त्यावर खांदे मोकळे करायला सुपर क्रूझ मी वापरीन, घाटात आणि रात्री नाही.

एक बारीक गोष्ट. ट्रकला मागे ट्रेलर आहे हे कळतं ते सात पिनांच्या वायरच्या प्लगवरून. तो प्लग नीट बसला नसेल, तर तुमच्या लेखी ट्रेलर जोडलेला आणि ट्रकच्या लेखी नाही. मग मागचं अंतर, आंधळा कोपरा, सगळेच हिशेब चुकतात. निघण्याआधी पडद्यावर ट्रेलरची खूण आलीय का, ते बघा.

इलेक्ट्रिक पिकअपचं थोडक्यात सांगतो. ओढायला ताकद मुबलक: रिव्हियन आर-वन-टी आणि टेस्ला सायबरट्रक दोन्ही ११,००० पौंड. पण कॅम्परचं तोंड म्हणजे हवेत उभी केलेली भिंत, आणि ती ढकलताना एका चार्जमधली मजल निम्म्यावर येते. पेट्रोलच्या ट्रकचं मायलेजही तसंच कोसळतं, पण पंपावर पाच मिनिटांत टाकी भरते. चार्जिंगच्या बहुतेक जागा गाडी तोंडाने आत घालायच्या आहेत. तिथे ट्रेलर सोडून, चार्ज करून, पुन्हा जोडावा लागतो. घराजवळच्या तलावापर्यंत बोट न्यायची तर उत्तम.

भाच्याला मी शेवटी एकच काम दिलं. कुठलाही ट्रक घे, पण पहिल्या सहलीला सगळं कुटुंब आणि सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा. आधी ट्रेलर जोडून, मग सोडून. ट्रकच्या दोन आसांवर ट्रेलरसकट जे वजन येतं त्यातून नुसत्या ट्रकचं वजन वजा केलं की धुरेवरचं वजन हातात. साखर कारखान्याच्या काट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी तोलतात, तसाच प्रकार. इथे चिठ्ठीसाठी थोडे डॉलर मोजावे लागतात आणि काटा मारल्याची तक्रार कोणी करत नाही.

त्याने तो वरचा ट्रक सोडला. काचेचं छत नसलेला, एक पायरी खालचा घेतला. सुपर क्रूझ गेली, पेलोड १,८६० पौंड मिळाला. सूनबाई दोन दिवस रुसली होती. गेल्या शनिवारी काट्याच्या चिठ्ठीचा फोटो आला: धुरेवर १२.६ टक्के. खाली लिहिलं होतं, "मामा, किंचित धुरजड. बरोबर ना?"